कर्ज फेडता फेडता बचत: घरखर्चाचा हिशेब पहिल्यांदाच मांडणाऱ्या कुटुंबांसाठी

हप्ते वेळच्या वेळी जातात, घरात कुणी उधळपट्टी करत नाही, तरी वर्षाअखेरीस पाहावं तर कर्ज होतं तेवढंच. कधी थोडं वाढलेलंही. अशा घरांसाठी हे लिहिते आहे. आमचं घर बरीच वर्षं याच चक्रात फिरत होतं. त्यातून बाहेर पडताना जे उमगलं ते कुणी आधी क्रमाने सांगितलं असतं, तर पुष्कळ धावपळ आणि घरातली वादावादी वाचली असती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कर्ज न फिटण्याचं खापर सहसा रोजच्या किरकोळ खर्चांवर फोडलं जातं. माझ्या मते खरं दुखणं वेगळीकडे असतं: जे खर्च दर महिन्याला येत नाहीत तिथे. वर्षातून एकदा भरायचा विमा, शाळेची फी, गाडीचं मोठं काम, अचानक उद्भवलेलं आजारपण. यासाठी पैसे बाजूला काढलेले नसतात, म्हणून प्रत्येक वेळी नवं कर्ज निघतं आणि वर्षभर फेडलेलं सगळं एका फटक्यात परत अंगावर येतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये कर्ज भराभर फेडण्याआधी या खर्चांची तरतूद घेतली आहे. क्रम उलटा वाटेल, पण तसाच ठेवा.

आधी हे गोळा करा

- मागच्या सहा महिन्यांचे सर्व बँक खात्यांचे उतारे, घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांचे
- प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा ताजा उतारा
- क्रेडिट कार्डांची मागच्या तीन महिन्यांची बिलं
- पगाराच्या पावत्या, किंवा धंदा असेल तर मागच्या बारा महिन्यांच्या जमेचा हिशेब
- विम्याचे कागद, फीच्या पावत्या, गाडीच्या आणि घराच्या दुरुस्तीची बिलं
- नातेवाइकांकडून आणि मित्रांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांची यादी
- मिळत असेल तर सगळ्यांचे पतअहवाल, म्हणजे प्रत्येकाच्या नावावरची कर्जं आणि त्यांची परतफेड यांची नोंद. विसरलेलं एखादं कर्ज किंवा कुणासाठी राहिलेला जामीन तिथे सापडतो
- एक जाड वही, पेन आणि कॅलक्युलेटर. स्प्रेडशीट येत असेल तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी थांबून राहू नका

मंजुरीपत्रं सापडत नसतील तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी मागा. त्यांच्याकडे नोंद असतेच.

## १. सगळी कर्जं एका पानावर आणा

वहीचं आडवं पान घ्या आणि प्रत्येक कर्जासाठी एक ओळ आखा. रकाने असे: कुणाचं कर्ज, आज शिल्लक असलेलं मुद्दल, व्याजदर, मासिक हप्ता, हप्त्याची तारीख, शेवटचा हप्ता कधी, मुदतीआधी फेडल्यास शुल्क किती, तारण काय आणि जामीन कोण.

हातउसने पैसेही याच पानावर लिहायचे. व्याज नाही म्हणून ते कर्ज नाही, असं होत नाही.

व्याजदराच्या रकान्यात दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, मासिक दर आणि वार्षिक दर. कार्डाच्या बिलावर महिना ३ टक्के लिहिलेलं असतं आणि ते कमी वाटतं. वर्षाला ते ३६ टक्के होतं, आणि न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढत गेलं तर ४२ टक्क्यांच्या वर जातं. काहीच न भरता सोडलेली बाकी या दराने दोन वर्षांत दुप्पट होते.

दुसरी गफलत जास्त महाग पडते. काही कर्जांवर व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावतात, काहींवर घटत्या शिलकेवर. समजा १,००,००० चं कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतलं. घटत्या शिलकेवर हप्ता साधारण ३,३२१ बसतो आणि एकूण व्याज १९,५०० च्या आसपास जातं. तेच मूळ रकमेवर १२ टक्के धरलं तर व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८. मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असतं, पण व्याज पूर्ण रकमेवर चालू राहतं. घटत्या शिलकेच्या भाषेत हा दर सुमारे २१ टक्के पडतो. म्हणून प्रत्येक कर्जाबद्दल एकच प्रश्न विचारा: व्याज घटत्या शिलकेवर आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर पानावर खरा दर लिहा, जाहिरातीतला नको.

पान पूर्ण झालं की खाली बेरीज करा. हा आकडा पाहून पोटात गोळा येतो. तरी तो घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी पाहायला हवा. नवऱ्याला माहीत नसलेलं बायकोचं कर्ज, बायकोपासून लपवलेलं नवऱ्याचं कर्ज, म्हाताऱ्या आईवडिलांनी कुणाला सांगितलं नाही असं कर्ज, यातलं एकही पानाबाहेर राहिलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. या बैठकीत ‘हे घेतलंच कशाला’ हा विषय काढायचा नाही, एवढं आधी कबूल करून घ्या. तो विषय निघाला की माणसं कागद पुढे करत नाहीत.

## २. तीन महिन्यांचा खर्च, झाला तसा लिहा

इथे काही सुधारायचं नाही, फक्त पाहायचं आहे. उतारे घ्या आणि प्रत्येक खर्चासमोर एक शब्द लिहा: घर, किराणा, प्रवास, शिक्षण, औषधपाणी, हप्ते, करमणूक, इतर. मोबाईलवरून दिलेले पैसे उताऱ्यावर सापडतात. रोखीचे सापडत नाहीत, म्हणून पुढचा एक महिना रोखीचा खर्च त्याच दिवशी वहीत टिपा.

‘इतर’ हा रकाना फुगला तर तो फोडून पुन्हा लिहा. वर्गणी म्हणून दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसेही याच वेळी हाती लागतात. वापरात नसलेल्या वर्गण्या त्याच दिवशी बंद करा.

## ३. वर्षाचे खर्च महिन्यात आणा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एका रविवारी सगळ्यांनी मिळून बसा आणि मागचे बारा महिने एकेक करून आठवा. कोणत्या महिन्यात कशासाठी जादा पैसे गेले? आठवणीवर विसंबू नका, पावत्या आणि उतारे शेजारी असू द्या. यादी साधारण अशी होईल:

- विम्याचे हप्ते: १८,०००
- शाळेची फी आणि पुस्तकं: ४०,०००
- गाडीची देखभाल: १०,०००
- समारंभ आणि भेटवस्तू: १६,०००
- गावोगावचा प्रवास: २४,०००
- घरातल्या यंत्रांची दुरुस्ती: १२,०००

बेरीज १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. या घराला वाटत असतं की महिन्याचा खर्च भागून थोडे पैसे उरतात. प्रत्यक्षात दर महिन्याला १०,००० चा खर्च नजरेआड साचत असतो आणि त्यातला बराचसा शेवटी कार्डावर जातो.

आता एक बारकावा, जो सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी सगळं १२ ने भागून चालत नाही. विम्याचे १८,००० चार महिन्यांनी भरायचे असतील तर महिन्याला १,५०० बाजूला काढून वेळेवर फक्त ६,००० जमतील. पहिल्या वर्षी भागाकार उरलेल्या महिन्यांनी करायचा: १८,००० भागिले ४, म्हणजे महिन्याला ४,५००. एकदा तो हप्ता भरला की पुढच्या वर्षासाठी १,५०० पुरतात. म्हणून यादीत रकमेशेजारी ‘कधी’ आणि ‘किती महिने उरले’ असे आणखी दोन रकाने ठेवा.

असं करून पाहिलं तर पहिल्या काही महिन्यांचा आकडा झेपत नाही, हे बहुतेक घरांत दिसेल. त्यावर दोन उपाय आहेत. भरणा सहामाही किंवा तिमाही करून मिळतो का ते विचारा. थोडं शुल्क पडलं तरी ते कार्डाच्या व्याजापेक्षा पुष्कळ कमी असतं. आणि पहिल्या वर्षी समारंभ, प्रवास अशा ज्या ओळींना कात्री लावता येते, ती तिथेच लावा. विम्याच्या आणि शिक्षणाच्या ओळींना हात लावू नका.

हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. ज्या खात्यातून रोजचा खर्च होतो तिथेच राहिले तर ते शिल्लक वाटतात आणि खर्च होतात. त्या खात्याला मोबाईल जोडू नका, त्याचं कार्ड बरोबर बाळगू नका. वहीच्या एका पानावर मात्र ओळीनिहाय लिहून ठेवा: खात्यातल्या ९,००० पैकी विम्याचे किती, फीचे किती. नाहीतर गाडीच्या कामात फीचे पैसे जातात आणि ते फी भरायच्या दिवशी कळतं.

## ४. उत्पन्नाचा आकडा सावधपणे धरा

हातात येतो तोच आकडा धरा, कपातीआधीचा नाही. बोनस आणि जादा कामाचे पैसे धरू नका. ते आले की कुठे जातील हे पुढे येईल.

दर महिन्याला कमाई वेगवेगळी असेल तर मागच्या बारा महिन्यांतल्या सगळ्यात कमी महिन्याचा आकडा घ्या आणि घरखर्च त्यात बसवा. त्यावर जे येईल ते आधी वार्षिक खर्चांच्या खात्यात, मग कर्जाकडे. आठवड्याला मजुरी मिळत असेल तर महिना चार आठवड्यांचा धरा. वर्षात ५२ आठवडे असतात, त्यामुळे चार आठवड्यांची कमाई हिशेबाबाहेर राहते. ती वार्षिक खर्चांच्या खात्यातला खड्डा भरायला फार उपयोगी पडते.

## ५. महिना सुरू होण्याआधी पैसे वाटून टाका

जपानमध्ये १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरच्या जमाखर्चाची छापील वही काढली. घरच्या हिशेबाची वही ही एवढी जुनी गोष्ट आहे. पण नुसता झालेला खर्च टिपून कर्ज हलत नाही. महिना सुरू होण्याआधी प्रत्येक रुपयाला काम नेमून द्यावं लागतं.

वाटणीचा क्रम असा ठेवा:

१. छप्पर, अन्न, वीज-पाणी, औषधं, कामावर जाण्याचा प्रवास
२. सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते
३. वार्षिक खर्चांच्या खात्यात टाकायची रक्कम
४. अडीअडचणीची गंगाजळी
५. प्रत्येक माणसाचा हातखर्च, मुलांसकट
६. एका निवडलेल्या कर्जावर जादा भरणा

पाचव्या ओळीवर लोक हरकत घेतात. कर्ज असताना हातखर्च कशाला? तो ठेवाच, अगदी थोडा का होईना, आणि त्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. ज्या घरात प्रत्येक पैशाचा जाब द्यावा लागतो तिथे माणसं खर्च लपवू लागतात, आणि लपवलेला खर्च वहीत येत नाही.

वाटणी करताना बेरीज उत्पन्नापेक्षा जास्त आली तर आधी मोठ्या ओळी पाहा: भाडं, गाडी, फोनच्या आणि विम्याच्या योजना. यातला एक बदल झाला की तो दर महिन्याला आपोआप लागू राहतो. किराण्यातून थोडे थोडे वाचवायला मात्र रोज मन मारावं लागतं. तरीही बसत नसेल तर पायरी ८ आधी वाचा.

हप्त्यांच्या तारखाही याच वेळी तपासा. आमच्याकडे पगार ७ तारखेला जमा व्हायचा आणि एक हप्ता ५ तारखेला कापला जायचा. त्या दोन दिवसांसाठी दर महिन्याला कुणापुढे तरी हात पसरावा लागे, नाहीतर हप्ता परत जाऊन दंड बसे. मग एक अर्ज दिला आणि तारीख १० करून घेतली. पगारात एका पैशाचीही वाढ न होता महिन्याची ओढाताण थांबली. तुमच्या पानावर पगाराच्या आदल्या आठवड्यात पडणाऱ्या तारखांना लाल शाईने गोल करा आणि प्रत्येकीसाठी अर्ज द्या. सगळेच मान्य करतील असं नाही, पण विचारायला हवं.

## ६. आधी छोटी गंगाजळी

कर्जावर जादा भरणा सुरू करण्याआधी एक महिन्याच्या अत्यावश्यक खर्चाइतके पैसे साठवा. अत्यावश्यक म्हणजे मागच्या यादीतली फक्त पहिली ओळ. तेवढंही जड जात असेल तर दोन आठवड्यांच्या खर्चापासून सुरुवात करा.

इथे एक प्रश्न हमखास येतो: ३६ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना बचतखात्यात पैसे ठेवणं तोट्याचं नाही का? आकड्यांत तोट्याचं आहेच. पण ही गंगाजळी नसेल तर पहिल्याच आजारपणात कार्ड बाहेर निघतं आणि हिशेबाची वही कपाटात जाते. म्हणून थोडी रक्कम ठेवायची आणि तिथेच थांबायचं.

त्यापलीकडे साठवलेले पैसे असतील तर मात्र हिशेब बदलतो. ५०,००० ची ठेव ६ टक्क्यांनी वर्षाला ३,००० देते, आणि तेवढ्याच रकमेची कार्डावरची बाकी ३६ टक्क्यांनी १८,००० खाते. अशी ठेव मोडून कार्ड फेडणं शहाणपणाचं आहे. निवृत्तीसाठी ठेवलेले पैसे किंवा मुदतीआधी काढल्यास मोठा दंड बसणारी गुंतवणूक यात धरू नका. तिथे दंड, कर आणि वाचणारं व्याज शेजारीशेजारी मांडून मगच ठरवा.

## ७. जादा पैसे एकाच कर्जावर टाका

सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि जादा रक्कम फक्त एका कर्जावर टाकायची. थोडं थोडं सगळीकडे वाटलं तर कुठलंच संपत नाही.

कोणतं निवडायचं? सरळ गणित सांगतं: सर्वाधिक व्याजदराचं. दुसरा मार्ग सांगतो: सगळ्यात लहान शिल्लक असलेलं, कारण ते लवकर संपतं आणि हुरूप येतो. आमच्या घरात दोन्हींची सांगड घातली आणि तुम्हालाही तेच सुचवेन. एखादं लहान कर्ज दोन-तीन महिन्यांत संपणार असेल तर आधी ते उडवा. त्याचा हप्ता मोकळा होतो. त्यानंतर व्याजदराच्या उतरत्या क्रमाने जा.

उदाहरण घ्या. कार्डावर ४०,००० (३६ टक्के), वैयक्तिक कर्ज १,५०,००० (१५ टक्के), घरगुती वस्तूच्या हप्त्यांचे १२,००० (१८ टक्के) आणि भावाकडून घेतलेले हातउसने २०,०००. जादा भरायला महिन्याला ४,००० आहेत. वस्तूचे १२,००० आधी संपवा. ठरलेला हप्ता आणि हे ४,००० मिळून तीन महिन्यांच्या आत ते मिटतात. मग ४,००० आणि वस्तूचा सुटलेला हप्ता, दोन्ही कार्डावर. कार्ड संपलं की तिथली सगळी रक्कम वैयक्तिक कर्जावर. भावाला मात्र पहिल्या महिन्यापासून ठरलेल्या तारखेला थोडे थोडे द्या, १,००० असले तरी चालतील. व्याज नसलेलं कर्ज आकड्यांच्या क्रमात सगळ्यात शेवटी येतं, पण नात्यात ते शेवटी ठेवू नये.

कार्डाच्या बिलावरच्या ‘किमान रक्कम’ या ओळीबद्दल नीट समजून घ्या. बाकी १,००,०००, व्याज महिना ३ टक्के, किमान भरणा बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात तुम्ही ५,००० भरता; त्यातले ३,००० व्याजात जातात, बाकी फक्त २,००० ने घटते. पुढच्या महिन्यात बाकी कमी झाली म्हणून किमान रक्कमही कमी होते. असं वर्षभर केलं तर जवळपास ५४,००० भरले जातात आणि बाकी उरते ७८,००० च्या वर. आता तेच कार्ड, तेच व्याज, पण बिलात काहीही छापलेलं असो, दर महिन्याला न चुकता ५,००० भरत राहायचं. ३१ महिन्यांत कार्ड साफ होतं. घटती किमान रक्कम भरणाऱ्याच्या डोक्यावर ३१ महिन्यांनंतरही ५३,००० च्या वर बाकी असते. पहिल्या महिन्याचा भरणा दोघांचा सारखाच होता.

कार्ड फेडत असताना त्यावर नवी खरेदी करू नका. पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत सहसा जाते, आणि कार्डावरून काढलेल्या रोख पैशांवर तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

घराच्या कर्जाची पाळी शेवटी येते, कारण त्याचा दर सहसा कमी असतो. पण आली की तिथेही छोटी रक्कम मोठं काम करते. १०,००,००० चं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ९,०००, आणि पहिल्या हप्त्यातले ७,५०० निव्वळ व्याज. सुरुवातीपासून महिन्याला १,००० जादा भरले तर हे कर्ज साडेपंधरा वर्षांत संपतं आणि सुमारे ३ लाखांचं व्याज वाचतं. जादा भरताना लेखी कळवा की ही रक्कम मुद्दलात वळती करा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. काही सांगितलं नाही तर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात, आणि त्यात व्याज कमी वाचतं.

## ८. हप्ते झेपतच नसतील तर

हप्ता चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जा. चुकल्यानंतर गेलात तर दंडही लागलेला असतो आणि तुमच्या शब्दाची किंमतही कमी झालेली असते. जाताना अंदाजपत्रकाचं पान बरोबर न्या आणि ‘महिन्याला एवढे भरू शकतो’ असा ठाम आकडा सांगा. मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज भरणं, दर कमी करणं, यातलं काही मिळू शकतं. जे ठरेल ते लेखी घ्या.

पैसे कमी पडत असताना कोणाला आधी द्यायचं, हे ओरडणाऱ्याच्या आवाजावरून ठरवू नका. ज्या कर्जात राहतं घर किंवा पोटापाण्याचं साधन तारण आहे ते आधी. भाडं आणि वीज त्याच्याही आधी. रोज फोन करून धमकावणारा माणूस या यादीत पुष्कळदा शेवटी असतो.

## ९. या सापळ्यांपासून सांभाळा

सगळी कर्जं मिळून एक स्वस्त कर्ज. आकड्यांत हे फायद्याचं असू शकतं: ४०,००० वर ३६ टक्क्यांनी वर्षाला १४,४०० व्याज, १५ टक्क्यांनी ६,०००. पण कार्ड रिकामं झालं आणि खिशातच राहिलं, तर वर्षभरात नवं कर्जही असतं आणि कार्डही भरलेलं असतं. कार्ड बंद करण्याची किंवा मर्यादा खूप खाली आणण्याची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. शिवाय हप्ता कमी झाला म्हणजे कर्ज स्वस्त झालं असं नाही. मुदत लांबली तर एकूण व्याज वाढतं. दोन्हींची एकूण रक्कम काढून पाहा.

‘बिनव्याजी हप्ते’. प्रक्रिया शुल्क किती आणि रोख घेतल्यास किती सूट मिळते, ते विचारा. व्याज सहसा त्या दोन आकड्यांत असतं.

आधी शुल्क घेऊन कर्ज मिटवून देणारे. यांच्यापासून दूर राहा. जी बोलणी ते करणार ती तुम्ही स्वतः करू शकता.

अर्ध्यात तडजोड. ठरावीक रक्कम भरून बाकी सोडून देण्याचा प्रस्ताव मोहात पाडतो. पतअहवालात ‘पूर्ण परतफेड’ आणि ‘तडजोड’ या नोंदी वेगळ्या असतात, आणि दुसरी पुढच्या कर्जाच्या वेळी आडवी येते. दुसरा मार्गच नसेल तेव्हाच ती घ्या.

कुणाला तरी जामीन राहणं. स्वतःचं कर्ज फिटेपर्यंत नाही म्हणा. आधीच दिलेला जामीन असेल तर ते कर्ज वेळेवर भरलं जातंय का, हे अधूनमधून विचारत राहा.

## १०. महिन्यातून एकदा वही उघडा

पगार झाल्यावर दोन दिवसांत, सगळे घरी असताना, अर्धा तास बसा. ठरवलं किती, झालं किती, फरक कुठे पडला एवढंच पाहा. एखादी ओळ तीन महिने सलग जास्त जात असेल तर त्या ओळीचा आकडाच कमी धरला होता. तो वाढवा आणि दुसरीकडून काढा. कळत्या वयाच्या मुलांना बैठकीत बसवा. ‘यंदा हे जमणार नाही’ हे त्यांना वहीतून दिसलं की ते नाराज झाले तरी समजून घेतात.

बोनस, परत मिळालेला कर, विकलेल्या वस्तूचे पैसे असे अवचित आले की त्याच दिवशी वाटा. आमचा नियम असा होता: आधी वार्षिक खात्यातला खड्डा, मग निवडलेलं कर्ज, आणि थोडा भाग घराच्या आनंदासाठी. तो शेवटचा भाग गाळू नका.

## ११. कर्ज संपलं की त्याच आठवड्यात

हप्ता बंद झाला की ते पैसे एका महिन्यात घरखर्चात मिसळून जातात. म्हणून शेवटचा हप्ता जायच्या आधीच नवी सूचना बँकेत देऊन ठेवा: त्याच तारखेला, तेवढीच रक्कम, पुढच्या कर्जावर. सगळी कर्जं संपली असतील तर बचतखात्यात. आधी गंगाजळी तीन महिन्यांच्या खर्चाइतकी करा. कमाई अनियमित असेल किंवा घरात एकच कमावता असेल तर सहा महिन्यांइतकी. त्यानंतरच लांबच्या गुंतवणुकीचा विचार.

कागदांचं काम मागे ठेवू नका. कर्ज देणाऱ्याकडून हे सगळं घ्या:

- कर्ज पूर्ण फिटल्याचं आणि येणं बाकी नसल्याचं पत्र, खाते क्रमांक आणि तारखेसह
- तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं, यादी ताडून
- आधी दिलेले कोरे किंवा पुढच्या तारखांचे धनादेश
- वाहन किंवा घरावर संस्थेचा बोजा नोंदवला असेल तर तो उतरवल्याचा कागद
- खात्यातून आपोआप पैसे कापण्याची सूचना रद्द झाल्याची पावती
- जामीनदाराला मोकळं केल्याचं पत्र

हातउसने फेडलेत तर तिथेही दोन ओळींची पोच लिहून घ्या. भाऊ असला तरी. दोनेक महिन्यांनी पतअहवाल पुन्हा मागवा आणि ते खातं ‘बंद’ दिसतंय का पाहा. दिसत नसेल तर कर्ज फिटल्याचं पत्र जोडून लेखी तक्रार करा, तिची पोच घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत दर महिन्याच्या बैठकीत ती एक ओळ वहीत चालू ठेवा.